मालमत्ता कशाला म्हणावे? घराचा हिशेब आणि धंद्याचा ताळेबंद

आपल्या चाळीत कुणालाही मालमत्ता विचारली, तर खोली, दागिने, कपाट, टी.व्ही., मुलाची मोटारसायकल अशी यादी ऐकू येते. लालबागचा मसालेवाला मात्र दुकानाची मालमत्ता सांगताना कुटण्याचे यंत्र, गोदामातली मिरची आणि गिऱ्हाइकांकडची उधारी सांगेल. बायकोचे दागिने सांगणार नाही. दोघेही खरे बोलतात, पण मोजमाप वेगळे. ते समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हिशेबाच्या दृष्टीने धंदा वेगळा आणि मालक वेगळा. जी वस्तू किंवा हक्क धंद्याच्या ताब्यात आहे आणि ज्यातून पुढे लाभ होणार आहे, ती मालमत्ता. म्हणून येणे असलेली उधारीही मालमत्ता ठरते. यंत्र झिजते, म्हणून दरवर्षी त्याचा घसारा वजा होतो. आपण मात्र दहा वर्षांपूर्वीचा फ्रीज खरेदीच्या किमतीनेच मनात धरून ठेवतो.

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या आम्हा मंडळींना हा फरक रोज दिसतो. तुमची ठेव ही तुमची मालमत्ता, पण बँकेचे देणे. तुमचे कर्ज हे तुमचे देणे, पण बँकेची मालमत्ता. तेच कर्ज 90 दिवसांपेक्षा अधिक थकले, की बँकेला ते अनुत्पादक म्हणून दाखवावे लागते. एवढी कठोर तपासणी आपण आपल्या घरात कधी करतो का?

गिरणगावाला हा धडा फार महाग पडला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कामगाराच्या लेखी गिरणीतली नोकरी हीच सर्वांत मोठी इस्टेट होती. गिरणीच्या ताळेबंदात मात्र कामगार मालमत्तेच्या बाजूला कधीच नव्हता. त्याचा पगार खर्चात आणि थकलेली रक्कम देण्यात. यंत्रांची किंमत घसाऱ्याने उतरत गेली. जमिनीला मात्र घसारा नसतो. 2005 साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जागा 421 कोटी रुपयांना विकली. माग थांबले, पण त्यांच्याखालची जमीन सोन्याची झाली. विणकराच्या कसबाला मात्र दुसरीकडे तसा भाव मिळेना. त्याच्या नावावर उरले ते भविष्य निर्वाह निधी आणि 1972 च्या कायद्याची ग्रॅच्युइटी. तीही अनेकांना झगडून मिळवावी लागली.

आता खोलीचे पाहू. पागडीच्या खोलीत इमारत घरमालकाची असते, राहण्याचा हक्क भाडेकरूचा. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. बी.डी.डी. चाळीतली 160 चौरस फुटांची खोली तर सरकारची. तरी पात्र भाडेकरूला पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मालकीने मिळते. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. म्हणजे भिंती आपल्या नसल्या तरी हक्क ही मालमत्ता होऊ शकते. पण त्यासाठी कागद हवा. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली आणि वारसनोंद नाही, तर हीच मालमत्ता भावाभावांतल्या भांडणाचे कारण होते.

तेव्हा प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत :

1) कागद कुणाच्या नावावर आहे?
2) तिच्यातून पुढे काही मिळणार आहे, की नुसताच खर्च?
3) तिच्यावर कर्ज किती? गहाण पडलेले दागिने पूर्ण किमतीने धरू नयेत.

एका वहीत डाव्या पानावर देणी व उजव्या पानावर मालमत्ता मांडावी आणि वजाबाकी करावी. उरेल ती खरी शिल्लक. ही वही पती-पत्नीने मिळून लिहावी, कारण घरातला कर्ता गेल्यावर कोणता कागद कुठे आहे हे घरच्या बाईलाच ठाऊक नसते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मुलांचे शिक्षण त्या वहीत रुपयांत मांडता येणार नाही; पण ते एकाच यंत्राशी बांधलेले नसावे, हे गिरणगाव आपल्याला सांगून गेले आहे.