कातकामाची उमेदवारी

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील एक गाव. त्या गावातील काय किंवा तुमच्या गावातील काय, स्वयंपाकघरातले लाकडी लाटणे हाती घेऊन पाहा. बोटे कोठेही फिरवली तरी त्याची गोलाई सारखीच लागते. भोवऱ्याचेही तसेच. लाकूड फिरते ठेवून त्यावर धारदार हत्यार धरले म्हणजे अशी गोलाई साधते. या कामास कातकाम, ते करणाऱ्यास कातारी आणि त्याच्या यंत्रास आज लेथ म्हणतात.

मुलांनो, ही विद्या नुसत्या वाचनाने येत नाही. जाणत्या कारागिराजवळ राहून, पाहत व करीत ती शिकावी लागते. यालाच उमेदवारी म्हणतात.

विजेच्या पूर्वीच्या काळी लाकडाभोवती दोरीचे वेढे देत आणि मदतनीस दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढी. त्यामुळे लाकूड एकदा कातारीकडे फिरे, एकदा उलट फिरे. ते आपल्याकडे येत असता कातारी हत्यार टेकवी. उलट फिरू लागताच मागे घेई. दोरी ओढता ओढता मदतनिसाला कारागिराच्या हाताचा ताल कळू लागे.

आता दोरीची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. पण शिकण्याचे कष्ट टळलेले नाहीत. उमेदवाराने प्रथम हत्याराला धार लावण्यास शिकावे. बोथट हत्यार लाकूड कापीत नाही, ओरबाडते. मग लाकूड दोन्ही टोकांस घट्ट बसवावे, ते हाताने फिरवून कोठे अडत नाही ना हे पाहावे आणि मगच यंत्र सुरू करावे. सैल बाह्यांचे कपडे घालून यंत्राजवळ जाऊ नये. हत्यार नेहमी टेकूवर ठेवून धरावे, आणि माप घेण्यापूर्वी यंत्र थांबवावे. कातकामात घाई चालत नाही. थोडे जाड राहिलेले लाकूड पुन्हा कातता येते. जास्त कातले गेलेले मात्र कोणालाही परत जोडता येत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चितारी कारागिरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. पुढे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात लाखकामाला आश्रय दिला. लाखकामाची एक रीत मोठी गमतीची आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ थर बसतो. विस्तवाची गरजच पडत नाही. पण दाब कमी झाला तर लाख नीट पसरत नाही. किती दाबावे हे कोणत्याही मापाने सांगता येत नाही. ते हातालाच कळावे लागते.

म्हणूनच उमेदवारीचे मोल मोठे आहे. हाताला आलेली विद्या शिकणारा न मिळाल्यास कारागिराबरोबरच नाहीशी होते. कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतले जावेत व त्यांना विद्यावेतन मिळावे, यासाठी भारतात 1961 साली कायदा झाला. त्याने शिकण्याची संधी मिळते. परंतु पुन्हा पुन्हा करून पाहण्याची चिकाटी उमेदवाराने स्वतःच आणावी लागते.

स्वाध्याय

1. दोरीने फिरणाऱ्या लाकडावर कातारी हत्यार केव्हा टेकवी व केव्हा मागे घेई?
2. विस्तवाशिवाय लाख कशी वितळते?
3. तुमच्या घरातील कातीव वस्तूंची यादी करा.