सांगलीचे लघुशक्ती दूरदर्शन केंद्र : एक अभ्यास

ग्रामीण भागात माहितीचा प्रसार करावयाचा तर साधन गावापर्यंत पोचले पाहिजे आणि त्यातून गावाच्या उपयोगाचे काही सांगितलेही गेले पाहिजे. या दोन गोष्टी एक नव्हेत. सांगली येथील दूरदर्शनच्या लघुशक्ती सहक्षेपण केंद्राचा इतिहास हेच दर्शवितो.

विस्ताराचा काळ

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपकामुळे पुणे परिसराला त्याचा लाभ मिळाला. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ उपग्रह अवकाशात गेला आणि उपग्रहाकडून आलेले कार्यक्रम टिपून सुमारे १०० वॅट शक्तीच्या प्रक्षेपकाद्वारे परिसरात पाठविणे सुलभ झाले. १९८४ पासून अशी केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली. सांगलीचे केंद्र याच विस्तारातील होय.

दोन मर्यादा

पहिली मर्यादा पल्ल्याची. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की चित्र अंधुक होते. लघुशक्ती केंद्राचा प्रभाव साधारणतः १५ ते २५ किलोमीटरपर्यंत असे. त्यामुळे कृष्णाकाठच्या सांगली-मिरज परिसराची सोय झाली. जत, आटपाडी, शिराळा मात्र कक्षेबाहेरच राहिले.

दुसरी मर्यादा अधिक मोलाची. सहक्षेपण केंद्राचे काम दुसरीकडे तयार झालेले कार्यक्रम पुढे पाठविण्याचे. त्यांत जिल्ह्याचे स्वतःचे असे काही नसे. याच शहरात १९६३ पासून कार्यरत असलेले आकाशवाणी केंद्र मात्र स्वतःचे मराठी कार्यक्रम तयार करीत आले होते.

पीजचा प्रयोग

गुजरातेतील खेडा जिल्ह्यात १९७५ साली पीज येथे सुरू झालेल्या १ किलोवॅटच्या केंद्राने वेगळा मार्ग दाखविला. तेथे शेती, आरोग्य, मजुरी, अस्पृश्यता या विषयांवर गावकऱ्यांच्या सहभागाने त्यांच्याच बोलीत कार्यक्रम तयार होत आणि सामुदायिक संचांवर पाहिले जात. १९८४ मध्ये त्यास युनेस्कोचा पुरस्कार लाभला. तरीही १९८५ मध्ये ते केंद्र बंद झाले.

आजचा बोध

घरोघरी केबल व छतावरील तबकड्या आल्या आणि भूतल प्रक्षेपण मागे पडले. मार्च २०२२ पर्यंत मोजके अपवाद वगळता देशातील जुनी प्रक्षेपण केंद्रे बंद करण्यात आली. वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, परंतु आपल्या गावाची वार्ता देणारी वाहिनी विरळाच.

या दृष्टीने जत तालुक्यातील जालिहाळ येथे सुरू झालेले ‘येरळावाणी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र उल्लेखनीय ठरते. जो तालुका सांगलीच्या चित्रलहरींच्या कक्षेबाहेर राहिला, तेथेच अल्पशक्तीचे, परंतु स्थानिक माणसांचे साधन उभे राहिले.

२००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या गावांना नेमकी हवी होती ती पाणी कोठवर आले, कोणता रस्ता बंद झाला आणि निवारा कोठे आहे ही माहिती. ती दूरच्या केंद्रातून मिळणे कठीण. म्हणून माहितीचे नवे साधन गावात आणताना पंचायतींनी व शिक्षकांनी प्रथम हे ठरवावे की, त्यातून कोण बोलणार, कोणत्या बोलीत आणि कोणासाठी.