इंधनाचा नकाशा आणि कालामांचा प्रश्न



केसपुत्त नगरीच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, "येणारा प्रत्येक आचार्य आपलेच मत खरे सांगतो; आम्ही विश्वास कोणावर ठेवावा?" हाच प्रश्न आज गॅरेजातही उभा राहतो. यंत्रविद्येकडे कल असलेल्यांनी पुढील उदाहरण अभ्यासावे.

कावासाकीच्या 'निंजा एच-टू' या 998 सीसी मोटारसायकलच्या इंजिनाला सुपरचार्जर आहे. क्रँकशाफ्टच्या 9.2 पट गतीने फिरणारे त्याचे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते. किती, हे ज्या तक्त्यावरून ठरते त्याला 'फ्युएल मॅप' म्हणतात. एका बाजूस इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूस थ्रॉटल किती उघडले आहे ते किंवा हवेचा दाब आणि प्रत्येक चौकटीत इंधनाचे माप, अशी त्याची रचना असते.

1 ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. दाबामुळे हवा 29.4 ग्रॅम झाली, तर हिशेबाने 2 ग्रॅम पेट्रोल पुरावे. परंतु दाबलेली हवा तापते आणि ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका वाढतो. यालाच नॉकिंग म्हणतात. जादा पेट्रोलाचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. म्हणून पूर्ण दाबाखाली प्रमाण 12 ला 1 च्या आसपास ठेवतात. म्हणजे त्याच हवेला सुमारे 2.45 ग्रॅम पेट्रोल. इंधन कमी पडल्यास पिस्टन वितळू शकतो. फार झाल्यास शक्ती घटते व प्लग काजळतात.

आता कोणी शुद्ध पेट्रोलवर बेतलेला नकाशा मित्राकडून आणून जसाच्या तसा वापरला, असे समजा. आपल्या पंपावरील पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असेल, तर 1 ग्रॅम इंधनाला सुमारे 13.5 ग्रॅमच हवा लागते. अर्थात तितक्याच हवेला वजनाने सुमारे 9 टक्के अधिक इंधन हवे. नकाशा ते देत नाही. मित्र खोटे बोलला नव्हता. त्याचे सत्य त्याच्या इंजिनापुरते होते.

म्हणून जाणता कारागीर गाडी डायनोवर चढवितो, धुरातील प्राणवायू सेन्सरने मोजतो आणि अधिक इंधनाच्या सुरक्षित बाजूने, कमी भारापासून आरंभ करतो. एका वेळी एकच बदल करून तो नोंदवितो. नॉकिंग जाणवताच थांबतो.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. परिणाम स्वतः पारखा, हा कालामांना मिळालेल्या उत्तराचा आशय आहे. मित्रहो, मी वर दिलेला 12 हा आकडाही त्याला अपवाद नाही. तो आरंभासाठी घ्या आणि मोजूनच पुढे जा.