फळ चावून खा, पिऊ नका

दिवाळीचा फराळ झाला, लग्नसराईच्या पंगती उठल्या की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टर, तळलेले जरा जास्तच झाले, पण रोज ग्लासभर मोसंबीचा रस घेतोय." जणू रसाने तेलाचा हिशेब फिटला! वाचकहो, हा हिशेब इतका सोपा नाही.

एक ग्रॅम तेलातुपातून ९ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच पिठातून किंवा साखरेतून ४. म्हणून तेलकट खाण्यात गरजेपेक्षा जास्त उष्मांक नकळत पोटात जातात. अशा जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी बरीच वाढलेली असते. हे रोजचेच झाले की जादा चरबी पोटावर आणि यकृतात साठते, इन्शुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. शिवाय तूप, डालडा, पामतेल यांचा अतिरेक केल्यास 'एलडीएल' हे घातक कोलेस्टेरॉल वाढते.

फळाचा उपयोग कुठे?

खरी करामत चोथ्याची आहे. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते ते पेक्टिन याच चोथ्याचा भाग. आतड्यात ते बुळबुळीत होते आणि पित्तातील आम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेते. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, त्यामुळे ते थोडे उतरते. जेवणातील साखरही रक्तात सावकाश मिसळते.

भरपूर चरबीचा आहार दिलेल्या उंदरांना सफरचंदाचा चोथा किंवा संत्र्या-लिंबाच्या सालींची पूड दिल्यावर वजन व यकृतातील चरबी कमी वाढल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण माणसाचे काय? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली सांगितले, की कोलेस्टेरॉल काबूत ठेवण्यास दिवसाला निदान ६ ग्रॅम पेक्टिन लागते. सफरचंद-पेरूसारख्या फळात ते शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एका पेरूने बशीभर भजी 'माफ' होत नाहीत. भज्यांवर पेरू खाण्यापेक्षा भज्यांऐवजी पेरू खाल्ला, तर मात्र दुहेरी फायदा होतो.

रस का नको?

ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. चोथा गाळणीत राहतो आणि चार-पाच चमचे साखर पोटात जाते. चावावे लागत नाही, म्हणून पोटही भरत नाही. जादा झालेल्या फळसाखरेची यकृत चरबीच बनवते. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार लोकांच्या आहाराच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सफरचंद, द्राक्षे अशी अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी, तर रस पिणाऱ्यांत थोडे जास्त आढळले. जॅम आणि मोरावळा यांत तर साखरेचाच भरणा असतो.

कोकमाचे गुपित

कोकमातील एक आम्ल शरीरातील चरबी बनवण्याच्या क्रियेला अडथळा करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यावरून वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल बाजारात आल्या. कोकमाच्याच कुळातील मलबारी चिंचेचा अर्क १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे तपासला गेला. १९९८ साली निकाल आला, की खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा वजन जास्त उतरले नाही. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमसुलाचे सार खुशाल घ्या, कॅप्सूलच्या नादी लागू नका. सोलकढी रुचकर खरी, पण नारळाच्या दुधात चरबी असते. अमृतकोकमात साखर असते, हेही विसरू नका.

मग करावे काय?

१. रोज शंभर ग्रॅमच्या आसपास ताजे फळ खावे. पेरू, सफरचंद सालासकट, स्वच्छ धुऊन.

२. मोसंबी-संत्र्याच्या फोडी चावून खाव्यात.

३. चारच्या चहाबरोबर फरसाणाऐवजी फळ घ्यावे.

४. मधुमेह्यांनी फळ भरल्या पोटी वर न घेता दोन जेवणांच्या मध्ये घ्यावे आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. साखर एकदम उतरली, तर मात्र रस किंवा साखरपाणी लगेच द्यावे.

५. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळी, मोसंबी, शहाळे यांबाबत आधी विचारावे. त्यांतील पोटॅशियम त्यांना बाधू शकते.

६. कोलेस्टेरॉलच्या किंवा साखरेच्या गोळ्या फळांच्या भरवशावर बंद करू नयेत.

आपल्या परसातला पेरू गरिबाचे सफरचंद म्हणून ओळखला जातो. तो स्वस्त आहे, म्हणून हलका समजू नका. कढईतले तेल मात्र आपल्यालाच कमी करायचे आहे. ते काम कोणतेही फळ आपल्यासाठी करणार नाही.