सही मागण्याआधी

निवृत्त खेळाडूची सही टपालानं मागवायची असेल तर मूळ फोटो, मूळ स्कोअरकार्ड किंवा जुनं तिकीट पाकिटात घालू नका. आधी त्याची चांगली प्रत काढा, पाठपोट दोन्ही बाजूंची, आणि ती प्रतच पाठवा.

इतकं ठासून सांगायला कारण आहे. माझ्या काकांकडे महाराष्ट्राच्या रणजी संघाचा पन्नासच्या दशकातला एक कृष्णधवल ग्रुप फोटो होता. त्याच्या पाठीवर काकांच्या बारीक अक्षरात, निळ्या-काळ्या शाईत, उभ्या-बसलेल्या सगळ्यांची नावं होती. त्यातले एक गृहस्थ हयात आहेत, गावी असतात, असं कळल्यावर मी फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून त्यांना पाठवला. बरेच महिने काही कळलं नाही. मग त्यांच्या मुलीचं पत्र आलं. पाकीट पोचलं तेव्हा वडील दवाखान्यात होते, तिथून ते घरी आलेच नाहीत. पुढे घर आवरताना कागदपत्रं चार नातेवाइकांकडे गेली आणि त्यात फोटो कुठे गेला ते सापडत नव्हतं. फार संकोचून लिहिलं होतं त्या बाईंनी. त्यांचा काहीच दोष नव्हता. पण मागच्या रांगेतल्या तिघांची नावं आज मला सांगता येत नाहीत, आणि काकाही केव्हाच गेले. सहीपेक्षा ती नावं मोलाची होती.

माझ्या पिढीतल्या अनेकांचा हा छंद ‘एकच षटकार’मधले फोटो कापण्यापासून आणि बिग फन बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवण्यापासून सुरू झाला. अमेरिकेत बेसबॉलची कार्डं निवृत्त खेळाडूंना पाठवून सही करून मागवतात. आपल्याकडे कार्डांची तेवढी चलती नव्हती, म्हणून आपण फोटो पाठवतो. पाठवा, पण चकचकीत कागदावरचा नको. चकचकीत कागदावर शाई धरत नाही. म्हातारा माणूस हाताशी असेल त्या पेनानं सही करतो, लगेच पाकीट बंद करतो, आणि आपल्या हाती येते ती फरपटलेली सही. तिचा उलटा ठसा पुठ्ठ्यावर उमटलेला असतो. मॅट फिनिश प्रिंट काढा. सहीसाठी फिकट जागा मोकळी राहील असा फोटो निवडा, आणि बारीक टोकाचं मार्कर सोबत द्या. टाचणी, स्टेपल, चिकटपट्टी फोटोच्या आसपासही नको.

परतीचं पाकीट स्वतःचा पत्ता घालून, तिकिटं लावून द्यायचंच. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं. फोटो आणि पुठ्ठा मिळून वजन त्यापेक्षा सहज वर जातं. पोस्टाच्या काउंटरवर भरलेलं पाकीट तोलून घ्या आणि मगच तिकिटं चिकटवा. तिकीट कमी पडलं तर दंड भरण्याची वेळ येते, आणि खेळाडूच्या घरच्यांना पोस्टात हेलपाटा घालायला लावणं तर अजिबात बरं नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे जाताना स्पीड पोस्टच करावं, पोचल्याचं कळतं. परदेशातून उत्तर हवं असेल तर आपली तिकिटं तिथे चालत नाहीत. त्या देशाची तिकिटं मिळवावी लागतात.

आता पत्र. ते हातानं लिहा. मराठी माणसाला मराठीतच लिहा. ‘आदरणीय’, ‘स. न. वि. वि.’ अशी सुरुवात केली की त्या पिढीला बरं वाटतं. अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. त्यांच्या एखाद्या सामन्याचा नेमका उल्लेख करा आणि एक प्रश्न विचारा. शेवटी एक वाक्य न चुकता घाला: हाताला त्रास होत असेल तर सही नको, फोटो आपल्यापाशीच ठेवा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला पाच-पाच फोटो पाठवून सह्या मागणारे लोक मी पाहिले आहेत. मग चार फोटो विकायला निघतात, हे त्या कुटुंबाला कळल्याशिवाय राहत नाही, आणि पुढच्या माणसाचं पाकीट न उघडता पडून राहतं.

एका जुन्या रणजीपटूंना मी मॅटिंगच्या विकेटबद्दल विचारलं होतं. सही आलीच, पण सोबत चार पानं आली. मॅटिंग घट्ट ताणलं की चेंडू उसळतो, जरा सैल ठेवलं की फिरकीला साथ मिळते. म्हणून सकाळी खिळे ठोकताना दोन्ही संघांचे लोक तिथे उभे राहायचे, असं त्यांनी लिहिलं होतं. ही चार पानं माझ्या संग्रहातला सगळ्यात मोठा ऐवज आहे.

अशी पानं कोण लिहितं? ज्यांना कोणी विचारत नाही ते. भाऊसाहेब निंबाळकरांचं पाहा. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं खेळ सोडला. ब्रॅडमननी त्यांना चिठ्ठी पाठवून ही खेळी आपल्या खेळीपेक्षा सरस ठरवली, असं नोंदलेलं आहे. निंबाळकर कसोटी एकदाही खेळले नाहीत. २०१२ पर्यंत ते कोल्हापुरात होते. त्यांना एक पत्र टाकायचं राहून गेलं असं म्हणणारे किती तरी पुणेकर मला भेटले आहेत.

सही विकत घेताना तर दुप्पट सावध राहा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. त्या संघानं तेव्हाच केलेल्या सह्यांचा म्हणून एक कागद मला एका विक्रेत्यानं दाखवला होता. कागद पिवळा, कडा झिजलेल्या, सगळं छान. पण सह्या बॉलपेनच्या होत्या, आणि बॉलपेन बाजारात आलं तेच मुळी १९४५ च्या सुमारास. सगळ्या सह्यांचा झोकही एकाच हाताचा वाटत होता. अशा वेळी शाई, कागद आणि वय ही तिन्ही जुळतात का ते पाहावं. देवधर १८९२ साली जन्मले आणि १९९३ मध्ये गेले. चाळिशीतली सही आणि शंभरीतली सही एकसारखी दिसली तर शंका घ्यावी. छापील सही भिंगातून पाहिली की ठिपके दिसतात. पेनाच्या सहीत शाई कमीजास्त झालेली आणि कागदावर दाब पडलेला कळतो.

म्हणूनच परत आलेलं पाकीट फेकू नका. टपालाचा शिक्का, तारीख, सोबतची चिठ्ठी आणि तुमच्या पत्राची प्रत, सगळं एकत्र ठेवा. ती सही कुठून आली याचा तेवढाच पुरावा असतो.

आणि लॅमिनेशन नको. दुकानदार आग्रह करतो, पण उष्णतेनं शाई बिघडते आणि एकदा केलेलं निघत नाही. फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर लावलेली सही काही वर्षांत विटते. जुलै-ऑगस्टमध्ये पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल येते. अल्बम त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऊन पडलं की अल्बम सावलीत उघडून वारा द्या.

आज कोणाला लिहावं, असं मला विचारतात. १९९२-९३ चा रणजी अंतिम सामना लुधियान्यात पंजाबकडून हरलेला महाराष्ट्राचा संघ आहे. त्यांच्यातल्या अनेकांना तेव्हापासून कोणी त्या सामन्याबद्दल विचारलेलं नाही. १९७६ मध्ये भारतीय महिला पहिली कसोटी खेळल्या, त्या पिढीत पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी होत्या. त्या पिढीकडे सही मागणारे आजही फार थोडे. २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. तो सामना पाहिलेल्यांकडे तिकिटं असतील, त्यांची प्रत नैरोबीला धाडता येईल. घरचे पत्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, ते वापरू नका. पत्र क्लबच्या किंवा असोसिएशनच्या मार्फत पाठवा आणि त्यांच्या ऑफिसात आधी फोन करून ते पुढे पोचवतील का, एवढं विचारून घ्या.