मोडकी गिटार : दुरुस्त करावी की परत करावी?

वाद्यांच्या दुकानात अधूनमधून मोडकी गिटार येते. गिऱ्हाईक विचारते, "होईल का?" आपला कारागीर हुन्नरी असतो, तो "होईल" म्हणून मोकळा होतो. मग दोन दिवस जातात, मजुरी सुटत नाही आणि महिन्याभरात तीच गिटार परत येते. खरा प्रश्न "होईल का" हा नसून "परवडेल का" हा आहे. त्याचे उत्तर काम हाती घेण्यापूर्वीच काढावे.

पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारा मिळून सुमारे ७० किलोचा ताण देतात. म्हणून मोड किती मोठी दिसते यापेक्षा जोड हा ताण पुन्हा पेलेल का, हे पाहावे.

तपासणी

१) खुंट्यांचे डोके तुटले असेल तर गिऱ्हाईक घाबरते, पण मोड ताजी, लांबट आणि लाकडाच्या रेषेने गेलेली असेल तर चांगला लाकडी गोंद व शिकंजा यांनी ती पक्की बसते. आडवी व आखूड मोड अवघड, तिला लाकडी पट्ट्यांचा आधार लागतो. आधी कोणी झटपट गोंद लावून ठेवला असेल तर काम दुप्पट होते.

२) मान व पोट यांचा जोड पाहावा. मान वाकली असेल तर आतील सळई फिरवून ती आधी सरळ करावी. मग पडद्यांवर सरळ पट्टी ठेवावी. तिचे टोक घोडीच्या लाकडाच्या माथ्याशी आले पाहिजे. ते बरेच खाली उतरत असेल आणि घोडीवरचे हाडही घासून संपत आले असेल, तर मान काढून पुन्हा बसवावी लागते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण सर्वांत महाग काम हेच!

३) घोडीखाली कागद सरकला तर ती सुटते आहे. हे काम आवाक्यातले आहे.

४) आत बॅटरी व छोटा आरसा घालून आधारपट्ट्या पाहाव्यात. बोटाने ठोकल्यावर खडखड झाली तर पट्टी सुटलेली असते. ती पुन्हा चिकटवता येते.

५) आवाजाच्या भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा आरपार दिसल्या तर फळी अखंड आहे. तिची सरळ चीर आतून लाकडी ठिगळ लावून बुजते. कडेला थर दिसले तर ते प्लायवूड. त्याचे पोट आत दबले वा पाण्याने थर सुटले, तर मेहनत वाया जाते.

हिशेब

समजा, तशीच वापरलेली चांगली गिटार ६,००० रुपयांना मिळते. दोन दिवसांची मजुरी १,६००, सामान ४०० व तारा ५०० धरल्या तर खर्च २,५०० होतो. काम घ्यावे. हाच खर्च ४,५०० वर गेला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, कारण दुरुस्त गिटार विकताना पूर्ण किंमत येत नाही. निम्म्या किमतीपर्यंत हो, त्यापुढे विचार करून, हा ठोकताळा धंद्याला बरा.

गिटार वडिलांची आठवण असेल तर हिशेब वेगळा. तरीही आकडा सांगून निर्णय गिऱ्हाइकावर सोडावा.

व्यवहार

तपासणीचे थोडे पैसे घ्यावेत व काम दिल्यास ते मजुरीत वळते करावेत. अंदाज कागदावर लिहून द्यावा. तुटलेल्या ढलप्या पुडीत जपून ठेवण्यास सांगावे, ओली गिटार उन्हात ठेवू देऊ नये. नादुरुस्त गिटारीच्या खुंट्या चांगल्या असतील तर योग्य भावात विकत घ्याव्यात, त्या दुसरीकडे कामी येतात.

"यावर पैसे घालू नका" असे ज्याला आपण सांगतो, ते गिऱ्हाईक नवी गिटार घेतानाही आपल्यालाच विचारायला येते. त्या दिवशी बुडालेली मजुरी अशी वसूल होते.