न मागितलेला सल्ला आणि अंतर्यामीची आज्ञा

प्रपंचात एखादा कठीण प्रसंग आला की मनुष्याच्या दाराशी सल्ल्यांची रीघ लागते. दुखणे आले तर औषध सांगणारे, मुलीचे लग्न लांबले तर स्थळ सुचविणारे, नोकरी सोडावयाची म्हटले तर धोके मोजून दाखविणारे. कोणी विचारलेले नसते, पण सांगणाऱ्यास राहवत नाही. या गलबल्यात भगवंताची आज्ञा कोणती, हे साधकाने ओळखावे कसे? सामान्य समजूत अशी की, बाहेरून येतो तो लोकांचा सल्ला आणि आतून उमटते ती ईश्वराची वाणी. ही समजूत गीतेच्या कसोटीवर टिकत नाही.

अठराव्या अध्यायाच्या एकसष्टाव्या श्लोकात ईश्वराचे वास्तव्य सर्व भूतांच्या हृदयात सांगितले आहे. ‘सर्व’ या पदात सल्ला देणारा शेजारीही आला; तेव्हा त्याचे वचन केवळ त्याचे म्हणून टाकून देता येत नाही. उलट तिसऱ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात प्रत्येक इंद्रियाच्या विषयापाशी राग आणि द्वेष हे दोन वाटमारे बसलेले आहेत, असे बजावले आहे. म्हणजे आतून उठणारा आवाज पुष्कळदा या वाटमाऱ्यांचाही असतो. यावरून आत किंवा बाहेर हे आज्ञेचे लक्षण नव्हे, हे उघड होते.

महात्मा गांधींच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हा विचार स्पष्ट होतो. 1926 मध्ये त्यांनी साबरमतीच्या आश्रमात कित्येक महिने गीतेवर प्रवचने केली. पुढील वर्षी, मार्च 1927 मध्ये, खादीकार्याच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला होता. विश्रांतीवाचून गत्यंतर नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ठरलेले कार्यक्रम समोर होते आणि कार्याची ओढ मोठी होती. तरीही त्यांनी दौरा थांबविला, एप्रिलमध्ये ते म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर गेले आणि जूनपासून बंगळूरला राहिले. तेथील मुक्कामात त्यांनी सरकारी दुग्धशाळेत जाऊन गोपालनाची माहितीही करून घेतली. येथे आज्ञा आली ती बाहेरून, वैद्यांच्या मुखाने. आणि आतली ओढ, कार्य कितीही पवित्र असले तरी, बाजूस ठेवावी लागली.

सहा वर्षांनी याच्या उलट घडले. पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधींनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात स्वतःची व सहकाऱ्यांची शुद्धी व्हावी, यासाठी 8 मे 1933 पासून एकवीस दिवसांचे उपोषण जाहीर केले. राजगोपालाचारी, पुत्र देवदास आणि इतर स्नेही यांनी त्यांना परोपरीने विनविले. त्यांचे म्हणणे प्रेमाचे होते, आणि युक्तीसही धरून होते, कारण वय त्रेसष्ट वर्षांचे व प्राणाचे भय खरे होते. गांधी ढळले नाहीत. मनात तुंबळ द्वंद्व चालले असता रात्री एक वाणी ऐकू आली आणि ती मानताच द्वंद्व शमले, असे त्यांनी मागाहून सांगितले. तिचा पुरावा आपण देऊ शकत नाही, हेही त्यांनी मान्य केले. उपोषण सुरू झाले त्याच दिवशी सरकारने त्यांना मुक्त केले, आणि 29 मे रोजी पुण्यातच त्याची सांगता झाली.

गांधी वाचले म्हणून ती वाणी ईश्वराचीच होती, असे अनुमान कोणी काढू नये. फळावरून आज्ञा ठरविणे हे दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकाच्या शिकवणीस सोडून आहे. पाहावयाचे ते इतकेच की, दोन्ही वेळी स्वतःच्या आवडीचा किंवा सोयीचा मार्ग निवडला गेला नाही. बंगळूरला कार्याची आसक्ती सुटली, पुण्यास देहाची. राग आणि द्वेष वजा केल्यावर जे कर्तव्य उरते, तेथे आज्ञा शोधावी.

खुद्द भगवंतांची उपदेशाची रीतही मननीय आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलत राहतो आणि ते ऐकत राहतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत त्याला खडसावतात खरे; पण सातव्या श्लोकात अर्जुन शिष्य होऊन शरण आल्यानंतरच, अकराव्यापासून, खरा उपदेश सुरू होतो. आणि सर्व सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, याचा पूर्ण विचार करून तुला रुचेल तसे कर, असे म्हणून ते निर्णय अर्जुनाच्याच हाती ठेवतात. प्रत्यक्ष जगन्नाथ जेथे बळजबरी करीत नाही, तेथे आपलाच सल्ला मानावा म्हणून रुसणाऱ्याने क्षणभर थांबावयास हवे.

म्हणून साधकाने प्रत्येक सल्ला आधी शांतपणे ऐकून घ्यावा; सांगणाऱ्याचा अवमान करू नये, आणि तेथल्या तेथे होकारही देऊ नये. नंतर एकांतात, नामस्मरणाने चित्त निवळल्यावर, स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हे मला गोड लागते ते केवळ सोयीचे म्हणून काय? हे मला कडू लागते ते सांगणारा नावडता म्हणून काय? यात झीज माझी आहे की दुसऱ्याची? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष निरखावे. स्वतः सुखात राहून दुसऱ्यास झिजविण्यास सांगणारी वाणी ईश्वराची असल्याचा संभव फार थोडा. उत्तर लगेच न मिळाले तर समोरचे नित्यकर्म करीत राहावे. दहाव्या अध्यायात, प्रीतीने निरंतर भजणाऱ्यास बुद्धियोग देण्याचे आश्वासन भगवंतांनी दिलेले आहे. ती बुद्धी कधी स्वतःच्या अंतःकरणात उजळेल, तर कधी दारी आलेल्या, न बोलाविलेल्या माणसाच्या शब्दांतून येईल. चित्त निर्मळ असेल तर ती दोन्ही ठिकाणी ओळखू येईल.